ओरडणाऱ्या बाईचं पोट

माझी नणंद मोठ्यानं बोलते. रागावली की बोलते असं नाही. साधं "चहा ठेव" म्हणाली तरी शेजारच्या घरातलं कुणीतरी उठून चहा ठेवेल, असा तिचा आवाज. उभं आयुष्य तिनं लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि तोंडाचा पट्टा सुरू करायचा. "क्लच सोड म्हटलं, उडी मार नाही म्हटलं!" "आरसा काय केस विंचरायला दिलाय?" शिकणारे तिला पाठीमागे भोंगाबाई म्हणतात. तोंडावर ताई. आम्ही घरातलेही ताईच म्हणतो.

कित्येक जण पहिल्या दिवशी डोळे पुसत घरी गेले, पण दुसऱ्या दिवशी परत आले. ताईच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा कुणाला ठोकत नाही, हे गावभर ठाऊक होतं.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, अगदी दुसरं टोक. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या हे त्यांचं काम. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. त्यांच्या वाटणीचे शब्दही ताईच खर्च करते, असं आमचे हे म्हणायचे. आमचे हे म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. नोकरीपायी ते बाहेरगावी असतात, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं, त्यांनी फोनवर ऐकलं.

ताईच्या पोटात डावीकडे दुखायचं. वर्षभर तिनं ते अंगावर काढलं. कधी ताप यायचा, कधी पोट कडक व्हायचं, मग आपोआप उतरायचं. शेवटी तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा सुजून आकसला होता आणि वाट जवळजवळ बंद झाली होती. कर्करोग नव्हता. तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची, असं सर्जननं कागदावर काढून दाखवलं. मोठा नावाजलेला माणूस, दिसायला छान, बोलायला गोड. ताईला तो आवडला. "हात स्थिर आहेत त्याचे," ती म्हणाली. ती माणसाचे हातच बघते.

ऑपरेशन झालं. बाहेर येऊन तो म्हणाला, "झकास झालंय, काळजी नको."

वॉर्डात पहिले दोन दिवस ताई ताईसारखीच वागली. ड्रेसिंग करताना पडदा उघडा ठेवला म्हणून एका नर्सला झापलं. दुखण्याचं इंजेक्शन वेळेवर आलं नाही म्हणून घंटा दाबत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं पाणी कुणी बघत नाही, म्हणून तिच्या वतीनंही ओरडली. तिचं बरोबर होतं, प्रत्येक वेळी बरोबर होतं, हे मी छातीठोकपणे सांगते. पण तिथल्या लोकांनी मनात शिक्का मारून टाकला. नर्सांच्या टेबलाजवळून जाताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "जा गं, खिडकीजवळची कटकट बोलावतेय."

मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या घरीही कमीअधिक तेच म्हणतात.

चौथ्या दिवशी दुपारी मी गेले तर ताई गप्प होती. पोट फुगलं होतं. उचकी लागली होती, थांबतच नव्हती. श्वास वरचेवर, कुत्रं धापा टाकतं तसा. कपाळावर घाम आणि हात गार. मी विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "आत काहीतरी सुटलंय." एवढंच. हळू आवाजात.

ताई हळू बोलली, एवढंच मला पुरे होतं. जाऊन वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, नाडी बघितली, पोटावर हात ठेवला. ताई कळवळली.

"गॅस अडकलाय. थोडं चाला, मोकळं होईल."

"नाडी फार पळतेय ना?" मी म्हटलं.

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "त्यांचा स्वभाव तापट आहे ना. ताण घेतात फार."

"त्या ताण घेत नाहीयेत, देतही नाहीयेत. बघा, बोलतसुद्धा नाहीत! मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

"सरांना फोन केलाय. सकाळी राउंडला बघतो म्हणाले."

आणि मग त्यांनी तिला चालवलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोटात आतड्याचा सांधा उसवलेला, आतली घाण आतच सांडतेय, आणि दोघी नर्सा तिला दोन्ही बाजूंनी धरून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावतायत. "शाब्बास, अजून एक." ताईनं मान खाली घातली होती. जिच्या आवाजानं गाडीतली माणसं सरळ बसतात, ती बाई भिंतीच्या कठड्याला धरून पाय ओढत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

सकाळी सर्जन आला तोवर ताई मला ओळखत नव्हती. "लायसन कुठंय तुझं?" म्हणाली. "लायसन नसताना बसलीस कशी?" रक्तदाब जमिनीला टेकला होता. मग सगळे पळायला लागले. काल ज्यांना दहा पावलं चालत यायला फुरसत नव्हती ते सगळे आता धावत होते, आणि मला "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत होते.

पुन्हा पोट उघडलं. सांधा सुटला होता, पोटभर पू झाला होता आणि जंतू रक्तात गेले होते. पोट धुतलं, सांधा काढून टाकला, आतड्याचं टोक पोटाच्या बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. मधली जखम शिवलीच नाही. शिवली तर आत सडेल म्हणाले. ताईला श्वास देणाऱ्या मशीनवर ठेवलं. सर्जन बाहेर आला, या वेळी 'झकास' म्हणाला नाही.

भाऊजी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले ते तिथलेच झाले. मी घरून काही आणलं की म्हणायचे, "ठेव." घरी चला म्हटलं की म्हणायचे, "नको." मशीन निघालं, ताप उतरला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि ताप परत चढला. पोटात खाली, ओटीपोटात पुन्हा पू साठला होता. तिथं सुई घालून नळी बसवली. ती नळी वाहती होईतो छातीत संसर्ग झाला. एक दार लावावं तर दुसरं उघडं, असं चाललं होतं. या औषधाला जंतू दाद देत नाहीत, आता ते औषध. त्या औषधानं मूत्रपिंडांवर ताण, आता ते कमी करा. प्रत्येक वेळी कुणीतरी नवा डॉक्टर येऊन शांतपणे सांगायचा आणि भाऊजी मान डोलवायचे.

ताई जगली.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. घरी आली तेव्हा तिच्या मांड्यांचं मांस उतरलं होतं, चमचा तोंडापर्यंत नेताना हात थरथरायचा. श्वासाच्या नळीनं घसा सोलवटला होता, आवाज फाटक्या कागदासारखा यायचा. डोक्याचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब बलवत्तर. मोठ्या संकटातून वाचलात. आता फक्त चांगले विचार करायचे."

पहिल्यांदा तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा तोंड फिरवलं. मग गाडीशाळेतला एक सहकारी आला. भला माणूस आहे, त्याची काही चूक नाही. तो म्हणाला, "ताई, आता राग सोडा. रागानं जखम भरत नाही म्हणतात."

ताईनं उशीखालचा नॅपकिन काढला आणि त्याच्यावर फेकला. हातात जोर नव्हता, नॅपकिन तिच्याच पायांवर पडला. त्या फाटक्या आवाजात ती म्हणाली, "मी काय केलं म्हणून सोडू? ज्यांनी केलं ते मजेत आहेत. राग सोडायचा तो मी! आधी आतडं सोडलं, आता रागही सोडू? मग माझ्याकडे उरलं काय?"

तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

रोज सकाळी ड्रेसिंग करायला नर्स घरी यायची. उघडी जखम धुवायची, पट्टी भरायची. जखम तळहाताएवढी होती आणि आतून बाहेर भरत यायला हवी होती. नर्स रोज म्हणायची, "छान लाल होतेय." ताई छताकडे बघत राहायची. पण जखमेपेक्षा पिशवी तिला जास्त सलायची. पिशवीकडे ती बघायचीच नाही. पिशवी कशी रिकामी करायची, ती पोटाला चिकटवायची चकती कशी कापायची, कातडीला पावडर कशी लावायची, हे शिकवायला दवाखान्याची एक बाई आली होती. ताईनं डोळे मिटून घेतले. शिकले ते भाऊजी. काचा घासणाऱ्या हातांना ते काम चांगलं जमलं. चकतीचं भोक ते मापून कापायचे, कडा बोटानं गुळगुळीत करायचे.

आणि तेच ताईला सहन होईना.

एकदा दुपारी मी तिच्यासाठी सूप घेऊन तिच्याकडे वर गेले तर आत भांडण. म्हणजे ताईचं. "हात लावू नका म्हणते ना! बाजूला व्हा!" पाठोपाठ धातूचं भांडं पडल्याचा आवाज. मी दारातच थांबले. पिशवीची कड सुटली होती, चादर भरली होती. भाऊजी गुडघ्यांवर बसून पुसत होते. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तुम्हाला काय, मजा वाटते का यात? बायकोचा घाणीचा डबा झालाय, रोज बघायला मिळतंय!"

भाऊजी पुसत राहिले.

"बोला ना! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? कधीतरी बोला! तिथेही गप्प, इथेही गप्प. त्या दिवशी मी चालत होते तेव्हा तुम्ही कुठं होतात? दुकानात काचा घासत होतात! तुम्ही असतात तर... तुम्ही असतात तरी गप्पच बसला असतात!"

भाऊजींनी फडकं खाली टाकलं. उभे राहिले. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. मान लाल झाली होती.

"हो, बसलो असतो गप्प!" ते ओरडले. खरंच ओरडले, आवाज चिरकला. "मला येत नाही ओरडता! तू ओरडतेस म्हणून मला कधी शिकावंच लागलं नाही! त्या बाकावर बसून मी रोज काय करायचो माहितेय? दार उघडलं की वाटायचं, आता सांगणार. आता बाहेर येऊन सांगणार, गेली. रोज तू माझ्यासाठी मेलीस! आणि मला जाऊन त्या माणसाचं नरडं धरता आलं नाही! तू मला काय सांगतेस मी गप्प बसलो ते? मला माहीत नाही?"

सूप माझ्या हातात गार होत होतं.

ताई भिंतीकडून वळली. तिची नजर त्यांच्या गुडघ्यावर गेली. मग म्हणाली, "गुडघ्याला लागलंय तुमच्या. भांडं लागलं वाटतं."

"लागू दे."

"ती चकती इकडे आणा," ती म्हणाली. "आणि कात्री. तुम्ही मागच्या वेळी भोक मोठं कापलंत, म्हणून सुटली."

भोक बरोबर कापलं होतं. मी बघितलं होतं. पण भाऊजींनी चकती दिली, आणि ताईनं पहिल्यांदा मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. तो लालबुंद ओला गोळा बघून तिनं एक शिवी हासडली, जी मी इथे लिहीत नाही.

जखम भरत आली तशी ती चालायला लागली. आधी खोलीत, मग जिन्यापर्यंत, मग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत. आणि तपासणीला सर्जनकडे जायची वेळ आली. भाऊजी आणि मी दोघेही बरोबर होतो.

सर्जननं जखम बघितली, समाधानानं मान हलवली. "उत्तम. तुमची जिद्द मोठी आहे."

"जिद्द बाजूला ठेवा," ताई म्हणाली. आवाज अजून फाटकाच होता, पण त्यात जोर आला होता. "मला एक सांगा. त्या दुपारी तुम्हाला फोन आला होता. तुम्ही का आला नाहीत?"

तो जरा मागे टेकला. "हे बघा, सांधा सुटणं ही ज्ञात गुंतागुंत आहे. उत्तम ऑपरेशनमध्येही काही टक्के लोकांना..."

"सांध्याबद्दल मी विचारलंच नाही. सांधे सुटतात. मी गाड्या बघते, मला माहितेय, चांगला बसवलेला भागही सुटतो. मी विचारलं, मी सांगितलं तेव्हा आला का नाहीत?"

"वॉर्डातून मला जे कळवलं गेलं त्यावरून तातडीचं वाटलं नाही."

"काय कळवलं होतं?"

तो घुटमळला. "हेच की, रुग्ण थोड्या अस्वस्थ आहेत. पहिल्या दिवसापासूनच तक्रारी जास्त आहेत... सगळ्यांवर ओरडतात..."

"म्हणजे?" ताई पुढे झुकली. "ओरडणाऱ्या बाईचं पोट दुखत नाही?"

सर्जननं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला. मग म्हणाला, "मी यायला हवं होतं. त्याच दुपारी."

"हे तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?"

"सांगेन."

"आत्ता. माझ्यासमोर."

मला वाटलं तो आता उठून जाईल. पण त्यानं फोन उचलला. त्या आल्या, चेहरा उतरलेला. सर्जन त्यांना म्हणाला की नाडी पळत होती, पोट फुगलं होतं, उचकी होती, एवढं पुरेसं होतं. तुम्ही आग्रह धरायला हवा होता आणि मी यायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, त्या..." असं काहीतरी पुटपुटल्या.

"तुला वाटलं," ताई म्हणाली. "नाडी माझी होती."

मी मनात म्हटलं, झालं, आता हिचा जीव हलका होईल. कबुली मिळाली, आता राग उतरेल. कुठलं काय! बाहेर पडून गाडीत बसल्यावर ती आणखीच भडकली. "आता सांगतोय मेला! तेव्हा अक्कल गहाण टाकली होती? आणि ती पोर रडते काय! मी रडले का त्या कॉरिडॉरमध्ये?" घरापर्यंत ती थांबली नाही. भाऊजी गाडी चालवत होते, त्यांच्या गिअर बदलण्यावरही घसरली. मी मागे बसून ऐकत होते आणि मला तिचं सगळं पटत होतं. कबुलीनं काय परत मिळतं? त्या माणसाची रात्रीची झोप कदाचित परत मिळाली असेल. ताईची नाही. ती अजून दचकून उठते. बेशुद्धीत तिला वाटायचं की भिंतीतून पाणी गळतंय आणि नर्सा तिला त्यात बुडवतायत. ते खरं नव्हतं हे तिला माहीत आहे. तरी बाथरूममध्ये नळ ठिबकला की ती उठून घट्ट बंद करते.

कामावर परतली तेव्हा अर्धा दिवसच जायची. सीटचा पट्टा नेमका पिशवीवरून जायचा. भाऊजींनी फोमचा तुकडा कापून, मध्ये खाच करून पट्ट्याखाली बसवला. तोही तिनं दोनदा पुन्हा कापायला लावला. आजारपणापासून तिला शब्द सापडायचे नाहीत, हे त्याहून वाईट होतं. गाडी चालू असताना "ते... ते दाब" म्हणायची आणि शब्द यायचाच नाही. क्लच! उभ्या जन्मात हजारदा ओरडलेला शब्द. मग ती स्वतःवरच चिडायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं आपलं चुकलं.

एकदा एक नवखा बँकेतला कारकून चढावर गाडी थांबवून घाम पुसत होता आणि नेमकं तेव्हाच तिच्या पोटातून मोठा आवाज आला. पिशवीला वेळकाळ कळत नाही. तो दचकला, इंजिनकडे बघायला लागला.

"गाडीचा नाही, माझा आवाज आहे," ताई म्हणाली. "तू पुढं बघ. मागं सरकलास तर गाडीचाही येईल."

त्यानंतर तो कारकून म्हणे एकदम नीट शिकला. हे तिनंच सांगितलं, आणि सांगताना हसली. घरी आल्यापासून तिला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता प्रश्न होता पिशवी काढून आतडं परत जोडायचा. येणारा-जाणारा सल्ला द्यायचा. "एकदा जोडून घ्या, मोकळ्या व्हा." जणू शर्टाचं बटण लावायचं होतं. ताई दुसऱ्या एका इस्पितळातल्या सर्जनबाईंना भेटली. त्या बाईंनी तासभर ऐकून घेतलं, सगळे कागद वाचले आणि स्पष्ट सांगितलं: जोडता येईल, पण आत सगळं एकमेकांना चिकटलंय, ऑपरेशन लांबेल, पुन्हा संसर्गाची शक्यता आहे. नाही जोडलं तरी पिशवीसह आयुष्य काढता येईल. दोन्हींत चूक काही नाही.

ताईनं विचारलं, "आणि ऑपरेशननंतर मी म्हटलं, दुखतंय, तर याल?"

"येईन," त्या म्हणाल्या. "माझ्या ऐवजी कोण येणार तेही आधी सांगून ठेवीन."

बाहेर पार्किंगमध्ये ताई गाडीला टेकून उभी राहिली. "बाई चांगली आहे," म्हणाली. "पण नको. मला त्या टेबलावर पुन्हा झोपायचं नाही. कुणाच्याही हाताखाली नाही."

भाऊजी म्हणाले, "एकदा मला विचारलं असतंस तर?"

"विचारतेय की. काय म्हणणं आहे तुमचं?"

"जोडून घ्यावं, असं माझं म्हणणं आहे."

"नाही."

"मग विचारलंस कशाला?" भाऊजी चांगलेच तडकले. "घर येऊ दे, मग बोलतो. हा विषय मी सोडणार नाही."

"बोला. मी कुठं पळतेय!" ताईनं त्यांच्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि दार उघडलं. "आणि मागं कोण उभंय ते बघा, मला गाडी काढायचीये."